हाकेवरचा तारा

८ जानेवारी

मा. उपसंपादक,
व्युत्पत्तिकोश कार्यालय, यांस

सविनय नमस्कार.

आपल्या कोशाचा शेवटचा खंड, म्हणजे ‘ह’चा, यंदा छापायला जाणार असून त्यातल्या नोंदींवर जाणकारांनी टिपणं पाठवावीत, असं निवेदन वाचलं. जाणकार कोणाला म्हणायचं ते निवेदनात दिलेलं नाही. म्हणून मी पाठवतो आहे.

प्रथम माझी ओळख. मी ध्वनिसंग्रहालयात काम करतो. जुनी रिळं येतात. काहींना बुरशी आलेली, काहींचे वेढे एकमेकांना चिकटलेले. ती उलगडायची, पुसायची, यंत्रावर चढवायची आणि पट्टीवरचा आवाज नव्याने उतरवून घ्यायचा. काही रिळं अशी असतात की ती एकदाच बोलतात. पुन्हा चालवायला गेलं की पट्टीवरचा थर भुकटी होऊन यंत्राला लागतो. या कामाला हात लागतो आणि कान लागतो, आणि माझे दोन्ही अजून शाबूत आहेत. भाषाशास्त्र मी कोणाकडे शिकलो नाही. पुस्तकं विकत घेतली आणि समजेपर्यंत वाचली. विद्यापीठात एकदाच पाऊल ठेवलं, आपल्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला श्रोता म्हणून, आणि तिथून लवकर निघालो, कारण सभागृहात फार उकडत होतं. ते आपल्याला ठाऊक आहेच.

आता मुद्दा. ‘हाक’ हा आपला रोजचा शब्द. शेजारच्या कितीतरी भाषांत त्याची भावंडं आहेत. या सगळ्या भावंडांना पाहून विद्वानांनी त्यांच्या मागे एक धातू मानला आहे, आणि त्याच्या डोक्यावर छोटा तारा छापला आहे. तारा म्हणजे कबुली: हे रूप लिहिलेलं कुठे सापडत नाही, लेकींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा काढावा तसं आम्ही ते काढलं आहे. प्राकृतात तोंडावळा जुळणारा एक धातू दिसतो. पण एका जुन्या व्याकरणात त्याचा अर्थ दिला आहे अडवणे, मनाई करणे. बोलावणं कुठे आणि अडवणं कुठे. दोन्ही एकाच घरचे, की नुसते आडनावबंधू? का तो मुळात धातूच नाही, माणसाच्या तोंडून निघालेला एक आवाज आहे आणि बाकी सगळं नंतरचं? आपल्या कोशाच्या कच्च्या मसुद्यात यापुढे ‘मूळ अनिश्चित’ असं छापलं आहे.

हा तारा माझ्या डोक्यात बरीच वर्षं घर करून आहे. माणसं शेताच्या या बांधावरून त्या बांधाला, दारातून पोराला, होडीतून काठाला हाका मारत आली, आणि ज्या शब्दाने मारत आली तो पहिल्यांदा कसा होता ते कोणी लिहून ठेवलं नाही. ठेवणार तरी कशाला? लिहायची वेळ येते तेव्हा माणूस हाकेच्या पलीकडे गेलेला असतो.

गेल्या महिन्यात माझ्या हाती डोंगराकडच्या बोलीचं एक रीळ आलं. मेंढ्या राखणाऱ्या एका म्हातारीचं बोलणं त्यावर आहे. ती म्हणते, ‘आईनं मला हकलं, तरी मी गेलेच.’ हे ‘हाकललं’ नव्हे. हाकललं असतं तर ‘तरी’ला अर्थच उरत नाही. हकलं म्हणजे अडवलं. व्याकरणातला तो अर्थ एका जिवंत जिभेवर बसलेला आहे, आणि तीच बाई थोडं पुढे मेंढ्यांना हाक मारल्याचंही सांगते. दोन्ही अर्थ एकाच तोंडी. मधला दुवा सापडला, असं माझं म्हणणं आहे.

ध्वनिमुद्रण सोबत पाठवलं आहे. निर्णय गुणवत्तेवर व्हावा. ओळखीचा फायदा मी आजवर कुठे घेतलेला नाही.

आपला,
ध्वनितंत्रज्ञ

ता. क. आपल्या मातोश्रींची प्रकृती उत्तम आहे. त्या रोज आपल्याशी फोनवर बोलतात हे मला पलीकडच्या खोलीतून ऐकू येतं, तरी पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.


२ फेब्रुवारी

उपसंपादक महोदया,

आपलं उत्तर मिळालं. ‘महोदय’ या संबोधनाबद्दल आभारी आहे. मी ते घरात वाचून दाखवलं. आपल्या मातोश्री हसून हसून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “बापलेक आहात की दोन सरकारं? फोन घ्या ना हातात.” मी म्हणालो, “हा कार्यालयीन पत्रव्यवहार आहे.” त्या म्हणाल्या, “मग शिक्का मारा त्याच्यावर, आणि तो तुमचा हकोबा एकदाचा देवळात बसवा.” आमच्या घरी त्या धातूचं हल्ली हेच नाव आहे.

तू विचारलेले प्रश्न सगळे योग्य आहेत. (‘आपण’ लिहायला बसलो होतो, पण हात वळत नाही. मसुदा फाडणार नाही, कागद चांगला आहे.) लहानपणी तुझं नावच आम्ही ‘कशावरून’ ठेवलं होतं. उद्या ऊन पडेल म्हटलं की, कशावरून? एकदा पाहुण्यांना मी सांगितलं, ही माझी मुलगी, तर तू दारात उभी राहून विचारलंस, कशावरून? ते पाहुणे अजून भेटले की पहिलं तेच काढतात.

तर, कशावरून ते सांगतो.

बोलणारी कोण: नाव डब्यावर नाही. ‘वृद्धा, मेंढपाळ’ एवढंच. दात नसावेत, स-श जवळ जवळ एक होतात. वाक्यांच्या शेवटी दम घेते, पण वाक्य मोडत नाही. सांगायची सवय असलेली बाई आहे.

मुद्रण कोणी केलं: एका संग्राहकाने. आता हयात नाही. माणूस एकटा डोंगर चढून यंत्र पाठीवर नेत असे. आमच्याकडे त्याचं सबंध कपाट आहे. स्वतःचा आवाज त्याला आवडत नसावा, कारण कुठल्याच रिळावर तो ऐकू येत नाही.

वाक्याच्या आधी काय आहे: काही नाही. रीळ तिथूनच सुरू होतं. एका मेंढीच्या घंटेचा नाद विरत जातो आणि म्हातारी बोलू लागते.

शब्द पुन्हा येतो का: येतो, पुढेही येतो, त्याच अर्थाने. आकडे आणि जागा वेगळ्या कागदावर आहेत.

शेवटचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण विचारायचा होतास असं तुझ्या अक्षरावरून दिसतं: मला स्वतःला काय वाटतं? ते असं. मी हेडफोन लावून बसतो. बाहेर रस्त्यावर कोणीतरी पत्रा कापत असतो, शेजारच्या टेबलावर आमचे साहेब शिंकत असतात. आणि कानात ती बाई म्हणते, हकलं. जो अर्थ व्याकरण लिहिणाऱ्याने शेकडो वर्षांपूर्वी एका ओळीत टिपला आणि ज्याला नंतर कोणी भेटलं नाही, तो मेंढ्यांच्या मागून चालत चालत माझ्या टेबलापर्यंत आला. तोंडातून तोंडात. एकदाही कागदावर न टेकता. मला असं झालं की उठून उभं राहावं. राहिलोही. साहेब म्हणाले, “काय, शॉक बसला का?”

तुझ्या तोंडी परीक्षेचा विषय तू काढलेला नाहीस, तेव्हा मीही काढत नाही. एवढंच नोंदवून ठेवतो की तुझ्या गुरुजींना मी जी शंका विचारली ती बरोबर होती. ‘बाबा, खाली बसा’ हे तिचं उत्तर नव्हतं.

अनेक आशीर्वाद.

बाबा


२७ फेब्रुवारी

चि. कशावरून,

पत्र पोचलं. पाकीट तुझ्या आईने फोडलं आणि पहिला शब्द वाचून माझ्यापुढे ठेवलं. पहिला शब्द ‘बाबा’ होता. मग ती आत जाऊन उगाच भांडी लावत बसली.

तू लिहितेस, हे मोठं आहे. तुझ्या मुख्य संपादकांनीही ऐकलं. ‘हाक’च्या नोंदीत माझं टिपण माझ्या नावासह जाणार, ‘मूळ अनिश्चित’ हे शब्द निघणार आणि त्या जागी व्याकरणातल्या धातूशी नातं छापलं जाणार. तू शिकवतेस त्या वर्गातही मुलांना ते वाक्य ऐकवलंस. हे सगळं मी वाचलं. सावकाश वाचलं. कोशात ज्यांची नावं येतात त्यांच्या नावापुढे पदव्या असतात. माझ्या नावापुढे काय छापायचं असं तू विचारलंस. काही नको. मोकळी जागा सोडा.

पण मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे तो शेवटचा परिच्छेद. सुट्टीत तू येणार, समोरच्या खोलीत टेबल टाकणार, आणि आपण दोघं मिळून यावर लेख लिहिणार. ‘तुमचा कान आणि माझी शंका,’ असं तू म्हटलं आहेस. टेबलाचं मी बघतो. आहे त्याचा एक पाय आखूड आहे, पाचर बसवतो. दिवा डावीकडे हवा की उजवीकडे ते कळव.

तुझ्या आईने विचारलं, “लेख झाला की मग पुढे काय? परत अबोला?” मी म्हटलं, “ह झाला, पण मागची अक्षरं आहेत ना, सगळी चुकांनी भरलेली.” ती म्हणाली, “म्हणजे माझ्या मरणापर्यंत सोय झाली म्हणायची.”

आमच्या साहेबांना मी सहज म्हणून सांगितलं. त्यांनी मजल्यावरच्या सगळ्यांना सांगितलं. जिना पुसणारी बाईसुद्धा मला आज ‘कोशवाले’ म्हणाली. मी तिला रागावलो नाही.

खरं सांगायचं तर गेली काही वर्षं मी शब्दांमागे लागलो ते तुला बोलायला काहीतरी असावं म्हणूनही असेल. हे वाक्य मी लिहून गेलो आहे. खोडल्यासारखं दिसू नये म्हणून तसंच ठेवतो.

बाबा


१९ मार्च

चि. कशावरून,

टिपण छापू नका. छपाई सुरू झाली असेल तर थांबवायला सांग. याबद्दल तार करणार होतो, पण तारा आता बंद झाल्या, आणि फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं.

काय झालं ते क्रमाने लिहितो.

त्या संग्राहकाच्या कपाटात तळाशी एक डबा होता. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. आत पट्टीचे तुकडे, वेटोळी करून ठेवलेले. रिळांतून कापून काढलेली कात्रणं. असं काही फेकून देतात, पण हा माणूस काही फेकणारा नव्हता. मला वाटलं, जोडून बघू. कुठलं कात्रण कुठल्या रिळाचं, हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे: त्याच्या कात्रीच्या पात्याला एका जागी खाच होती, प्रत्येक कापावर तिचा दात उमटतो, आणि दोन कडा एकमेकींत बसल्या की बसतात.

एक कात्रण आपल्या म्हातारीच्या रिळाच्या तोंडाशी बसलं.

मी तुला लिहिलं होतं की वाक्याच्या आधी काही नाही, घंटेचा नाद विरतो आणि ती बोलते. त्या घंटेची सुरुवात या कात्रणात आहे. टोल इथे, शेपूट तिथे. यापेक्षा घट्ट सांधा मी आजवर पाहिलेला नाही. मला तो नको होता.

कात्रणावर संग्राहकाचा आवाज आहे. भला माणूस वाटतो, जरा घाईचा. जसं आहे तसं उतरवतो.

“बाई, तुमच्यात ‘हकणं’ म्हणतात का हो? हकणं म्हणजे अडवणं. जाऊ नको म्हणणं.”

म्हातारी थांबते. “तुम्ही म्हणता तर म्हणत असतील.”

“नाही, तुम्ही म्हणता का?”

“म्हणते की. एवढे लांबून आलात.”

“मग म्हणून दाखवा ना. समजा, तुमच्या आईने तुम्हाला जाऊ दिलं नाही.”

“आई माझी गरीब हो, ती कुठली अडवतेय. पण बरं, तुम्ही म्हणता तर अडवलं.”

मग ती हसते. मेंढी मान हलवते, घंटा वाजते. मग कात्री.

बस. व्याकरण वाचून हा माणूस डोंगर चढला, तिथे तो शब्द म्हातारीच्या ओंजळीत ठेवला, आणि तिने पाहुण्याचा मान राखला. पुढे रीळभर ती तो शब्द वापरत राहिली, कारण एकदा दिलेला शब्द मोडणारी ती बाई नव्हे. त्याने आपला आवाज कापून टाकला तो फसवायला नव्हे; तो नेहमीच कापायचा. आणि मी उठून उभा राहिलो होतो तो त्याच्याच शब्दाचा परतलेला आवाज ऐकून.

मी डब्याचं झाकण लावलं. घरी आलो, जेवलो. तुझी आई म्हणाली, “आज हकोबा रुसलाय वाटतं.” मी म्हटलं, “टेबलाला पाचर नीट बसली नाही.” पाचर व्यवस्थित बसली आहे. हे मी तुला सांगतो आहे, तिला सांगू नकोस. या डब्याबद्दल मला सोडून कोणाला ठाऊक नाही, आणि मी सांगितलं नाही तर कोणाला कळणारही नाही. हे मी जाणून आहे. लेख जातो, टेबल जातं, कदाचित तू त्या शेवटच्या परिच्छेदात जे लिहिलंस तेही जातं. तेही जाणून आहे. पण तू विचारलं होतंस, वाक्याच्या आधी काय आहे. मी ‘काही नाही’ असं उत्तर दिलं होतं, आणि ते खरं नाही.

आता दुसरी गोष्ट. ही पुरावा म्हणून सांगत नाही.

त्याच कात्रणात, या प्रश्नाच्या बरंच आधी, म्हातारी पायाच्या दुखण्याबद्दल बोलते आहे. वारा आहे. मागे एक लहान घंटा पळते आहे, कोकराची असणार, नाद वरचा आणि हलका. ती घंटा लांब लांब जाते. म्हातारी वाक्याच्या मधेच थांबते. आणि हाक मारते.

तो शब्द नाही. मी पट्टी अगदी हळू करून ऐकली, हाताने रीळ फिरवून ऐकली. आधी मोकळा श्वास, पोटातून आलेला, रुंद. मग वर चढणारा स्वर. मग घशात दार लावल्यासारखा एकदम बंद. त्या बंद होण्याला ‘क’ म्हणायचं की नाही, हे तू ठरव, मी म्हणणार नाही. पण तो आवाज बंद होताक्षणी पळणारी घंटाही बंद होते. पूर्ण शांतता. नुसता वारा. कोकरू जिथे होतं तिथे अडलं आहे. आणि मग ती घंटा हळूहळू जवळ येऊ लागते. म्हातारी म्हणते, “पुढे कडा आहे हो,” आणि पायाचं दुखणं जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सांगू लागते.

अडवलं कुठे संपलं आणि बोलावलं कुठे सुरू झालं, मला सांगता येत नाही. एकाच श्वासात दोन्ही झालं. तिला त्यासाठी दोन शब्द लागले नाहीत, एकही लागला नाही. संग्राहकाने तो तुकडा कापून टाकला, कारण त्याला हवा असलेला बोलीतला एकही शब्द त्यात नव्हता.

यावरून काय सिद्ध होतं? काही नाही. एका बाईने एका कोकराला हाक मारली. धातू तिच्यापेक्षा कितीतरी जुना, आणि कोणत्याही डोंगरावरची कोणतीही बाई असाच आवाज काढेल. पण नेमकं तेच मला झेपत नाही. कोणत्याही डोंगरावरची, कोणतीही. तारा लावायच्या आधीची, व्याकरणाच्या आधीची.

ते मुद्रण मी घरी आणून लहान यंत्रावर लावलं. आवाज मोठा ठेवला नव्हता. तुझी आई मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. ती हातातला टॉवेल घेऊन बाहेर आली. म्हणाली, “काय हो, काय झालं?” मी म्हटलं, “कुठे काय.” ती म्हणाली, “मग बोलावलंत कशाला?”

ती बाई केव्हाच गेली असेल. कोकरूही. आणि तुझी आई टॉवेल घेऊन दारात उभी होती.

ध्वनिमुद्रण सोबत आहे, प्रश्नापासून नाही, वाऱ्यापासून पूर्ण. साहेबांना मी उद्या सांगेन. जिना पुसणाऱ्या बाईला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

बाबा


११ एप्रिल

चि. कशावरून,

तुझं उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात मी टेबल पुन्हा भिंतीला लावून त्यावर कुंड्या ठेवल्या होत्या. त्या आज उतरवल्या.

नोंदीचं शेवटचं प्रूफ तू तपासायला पाठवलंस. तपासलं. तारा जागेवर आहे. ‘मूळ अनिश्चित’ जागेवर आहे. माझं नाव कुठेही नाही, तेही जागेवर आहे. आजवर वाचलेल्या नोंदींत ही सगळ्यांत प्रामाणिक नोंद आहे, आणि हे मी ती तुझ्या हातची आहे म्हणून म्हणत नाही.

तुझं एक वाक्य मात्र मला आवडलं नाही. ‘बाबा, हे तुम्ही न सांगताही राहू शकला असता.’ नसतो राहू शकलो. मला एवढं ओळखत असशील असं वाटलं होतं. पण पुढच्याच ओळीत तू लिहितेस की ते कोकराचं मुद्रण तू एकटीने ऐकलंस, कामावर जायला निघाली होतीस, आणि पायात चप्पल घालता घालता थांबलीस. मग पुन्हा लावलंस. यापुढे मी तुझ्या त्या वाक्याबद्दल काही म्हणत नाही.

लेखाबद्दल मी विचारणार नव्हतो. तूच लिहिलंस की लेख आता जास्त गरजेचा आहे: विचारणाऱ्याचा शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी कसा जातो, आणि कात्रीने काय काय नेलं. तुझ्या विषयातल्या लोकांना हे माहीत असतं म्हणतेस, पण एवढ्या जवळून कोणी ऐकलेलं नसतं. बरं. कात्रीच्या खाचेचा भाग मी लिहीन, त्यात तू हात घालायचा नाही. म्हातारीला कुठेही खोटी पाडायची नाही. संग्राहकालाही नाही, तो डोंगर चढला होता. नावांचा क्रम तू विचारलास. तुझं आधी. यावर चर्चा नको.

दिवा उजवीकडे लावला आहे, तू डावखुरी आहेस. तुझी आई विचारते आहे, किती दिवस राहणार. मी तिला सांगितलं, लेख होईपर्यंत. ती म्हणाली, “मग सावकाश लिहा.”

सुरुवात करून ठेवतो आहे, म्हणजे तू आल्यावर वेळ जायला नको. पहिलं वाक्य असं आहे: ‘या धातूचं मूळ आम्हाला माहीत नाही.’

बाकी सगळ्या वाक्यांना तू कशावरून विचार. यातलं ‘आम्हाला’ तेवढं खोडू नकोस.

बाबा